नावं पाच, गाडी एकच

१९७७ साली शिकागोतल्या एका माणसाच्या नव्या कोऱ्या ओल्डस्मोबिल डेल्टा ८८ गाडीला ओल्डस्मोबिलचा फॅन बेल्ट बसेना. ऑइल फिल्टरही बसेना. सुटे भाग चुकीचे आले म्हणावं, तर तेही नाही. भाग बरोबर होते, बॉनेटखालचं इंजिनच ओल्डस्मोबिलचं नव्हतं. ३५० घनइंचांचं, म्हणजे आपल्या हिशेबाने ५.७ लिटरचं व्ही-८ होतं खरं, पण शेवरोलेच्या कारखान्यातलं. शेवरोले आणि ओल्डस्मोबिल ही दोन्ही नावं जनरल मोटर्स या एकाच कंपनीची. कंपनीचं म्हणणं असं की आकार तोच, काम तेच, मग तक्रार कसली? गिऱ्हाईकांचं म्हणणं त्याहून सोपं होतं: ‘रॉकेट’ इंजिनाचं नाव ऐकून आम्ही जास्तीचे पैसे मोजले, ते रॉकेट कुठे आहे? इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यांनी खटला भरला, मग इतरांनी भरले, शेवटी कंपनीने भरपाई देऊन प्रकरण मिटवलं. त्यानंतर तिच्या जाहिरातींच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ येऊ लागली: आमच्या गाड्यांत आमच्या निरनिराळ्या विभागांनी बनवलेली इंजिनं असतात. कायद्याच्या दृष्टीने ती ओळ चोख होती. धंद्याच्या दृष्टीने मात्र पाच दुकानांतला माल एकाच गोदामातून येतो, हे दुकानदाराने स्वतःच पाटीवर लिहून टाकलं होतं.

जनरल मोटर्सच्या उताराची चर्चा निघाली की बहुतेक जण एकच निदान करतात: कंपनीकडे नावं फार झाली होती. शेवरोले, पॉन्टियाक, ओल्डस्मोबिल, ब्यूक, कॅडिलॅक, जीएमसी, त्यात सॅटर्न, साब आणि हमर यांची भर. एवढी लेकरं कोण पोसणार? २००९ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली आसरा घ्यावा लागला तेव्हा सरकारनेही कंपनीला कात्री लावायला लावली आणि चार नावं उरली. हे निदान मला अर्धवट वाटतं. जीएमसी धरून सहा नावं असताना ही कंपनी अमेरिकेतली निम्मी बाजारपेठ बाळगून होती, चार नावं असताना तिच्याकडे सहावा हिस्सा आहे. बिघाड आकड्यात असता तर आकडा कमी केल्यावर गुण यायला हवा होता. माझं म्हणणं असं की गाडीवरचा बिल्ला जिवंत असतो तो त्या बिल्ल्याखाली काम करणाऱ्या कुणाकडे तरी निर्णयाचा, आणि विशेषतः ‘ही गाडी आमच्या नावाने जाणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार असेपर्यंत. तो अधिकार गेला की बिल्ला म्हणजे नुसतं स्टिकर. जनरल मोटर्सने हा अधिकार सुमारे वीस वर्षांत, सुट्या-सुट्या आणि प्रत्येक वेळी शहाण्या दिसणाऱ्या निर्णयांनी काढून घेतला.

सुरुवात पाहिली तर हा मुद्दा स्पष्ट होतो. विल्यम ड्युरंट हा मूळचा घोडागाड्यांचा व्यापारी. त्याने १९०८ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट गावी ब्यूकच्या जोरावर जनरल मोटर्स उभी केली आणि दिसेल ती मोटार कंपनी विकत घेत सुटला. १९२० मध्ये त्याला दुसऱ्यांदा बाहेर पडावं लागलं, तेव्हा मागे उरली होती ती खिचडी. शेवरोले, ओकलंड, ओल्ड्स, शेरिडन, स्क्रिप्स-बूथ, ब्यूक, कॅडिलॅक अशी सात नावं आणि त्यातली बरीचशी एकाच किमतीच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात पाय घालणारी. पैसे मिळवत होत्या त्या फक्त ब्यूक आणि कॅडिलॅक. समोर हेन्री फोर्डची मॉडेल टी, जिने निम्म्याहून जास्त बाजार एकटीने व्यापलेला. १९२१ मध्ये कंपनीतला वरिष्ठ अधिकारी अल्फ्रेड स्लोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कागदावर एक शिडी आखली. ४५० ते ६०० डॉलर ही पहिली पायरी, मग ९००, १२००, १७००, २५०० आणि ३५०० पर्यंत चढत जाणाऱ्या एकूण सहा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एकच गाडी. शेरिडन आणि स्क्रिप्स-बूथ मोडीत काढल्या. पुढे १९२४ च्या अहवालात याचं सूत्र आलं: प्रत्येक खिशासाठी आणि प्रत्येक कामासाठी एक गाडी.

या शिडीतली खरी चलाखी सहसा सांगितली जात नाही. स्लोनचा आग्रह होता की आपली गाडी त्या-त्या किंमतपट्ट्याच्या वरच्या टोकाला असावी. म्हणजे खालच्या गाडीपेक्षा थोडी महाग, पण इतकी चांगली की गिऱ्हाईक ‘थोडे पैसे टाकून हीच घेऊ’ म्हणेल. आणि वरच्या पट्ट्यातल्या गाडीच्या इतकी जवळ की तिकडचं गिऱ्हाईक ‘मग तिला जास्त का द्यायचे?’ असा विचार करेल. फोर्ड टी स्वस्त होती, पण सेल्फ-स्टार्टरसारख्या गोष्टींचे तिला वेगळे पैसे पडत. शेवरोले महाग होती, पण बऱ्याच गोष्टी अंगासोबत घेऊन येई. जोडीला १९१९ पासून कंपनीची हप्त्याने कर्ज देणारी स्वतःची संस्था होतीच. १९२७ मध्ये फोर्डला दीड कोटींहून जास्त गाड्या विकलेली मॉडेल टी बंद करावी लागली. या शिडीची अट एकच होती: वरच्या पायरीवर पाय ठेवला की तो खरोखरच वर गेला पाहिजे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सुटे भाग वाटून घेणं हे पाप असेल, तर ते स्लोननेच शिकवलं. १९२६ ची पॉन्टियाक बॉडीपासून सांगाड्यापर्यंत शेवरोलेच्या भागांवरच बेतली होती. शेवरोले आणि ओल्ड्सच्या मधल्या पायरीवर ८२५ डॉलरची गाडी त्याशिवाय परवडलीच नसती. बॉडी बनवणारा फिशरचा विभाग सगळ्यांचा सामाईक होता. १९३० च्या दशकापासून शेवरोले आणि पॉन्टियाक बऱ्याचदा एकाच साच्यातून निघत. हे सगळं मान्य. पण त्या पहिल्या पॉन्टियाकमध्ये इंजिन सहा सिलिंडरचं होतं, शेवरोलेत चार सिलिंडरचं. गिऱ्हाईकाच्या पायाखाली, कानाला आणि खिशाला जे जाणवतं ते वेगळं होतं. जे जाणवत नाही ते एक होतं. कुठली गोष्ट कशात मोडते हे ठरवायला प्रत्येक विभागाकडे आपला मुख्य व्यवस्थापक, आपले अभियंते आणि आपला इंजिन कारखाना होता.

आणि हे विभाग खरोखर एकमेकांशी भांडत. १९१२ मध्ये विजेवर सुरू होणारी गाडी बाजारात आणली ती कॅडिलॅकने, त्यामुळे हँडल मारून हात मोडून घेण्याचे दिवस संपत आले. १९४० च्या सालच्या गाडीत संपूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स दिला तो ओल्डस्मोबिलने, आणि १९४९ मधलं रॉकेट इंजिनही तिचंच. पॉन्टियाकची १९६४ ची जीटीओ तर वरिष्ठांच्या नाकावर टिच्चून जन्माला आली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा मुख्यालयाचा नियम होता. पॉन्टियाकच्या मंडळींनी ३८९ घनइंचांचं इंजिन ‘गाडी’ म्हणून न देता टेम्पेस्ट गाडीवरचा एक ‘पर्याय’ म्हणून देऊ केलं आणि नियमाला बगल दिली. मुख्यालयाला कळेपर्यंत मागण्यांचा ढीग लागला होता. अशी पळवाट काढायलासुद्धा आपलं म्हणून काही असावं लागतं. स्वतःचं इंजिन आणि स्वतःचे अभियंते नसलेला विभाग पळवाट कुठून काढणार? या काळात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांतली एक जनरल मोटर्सची होती.

मग घोड्याने पेंड कुठे खाल्ली? १९६५ मध्ये गाड्या जोडण्याचे कारखाने विभागांकडून काढून एका मध्यवर्ती जोडणी विभागाकडे सोपवायला सुरुवात झाली. १९७० च्या दशकात धुराचे नियम आले आणि प्रत्येक इंजिनाची वेगळी चाचणी, वेगळं प्रमाणपत्र करणं महागात पडू लागलं. त्यात १९७३ चा तेलाचा भडका, १९७५ चा इंधनबचतीचा कायदा, १९७९ चा दुसरा भडका. एकाच आकाराची चार-पाच वेगवेगळी व्ही-८ इंजिनं बनवणं हा शुद्ध उधळेपणा ठरला. हिशेबनीसाच्या खुर्चीत बसलं तर प्रत्येक निर्णय पटतो, आणि मी त्या हिशेबनीसाला दोष देणार नाही. पण हिशेबाची दुसरी ओळ कुणी लिहिलीच नाही. वेगळेपण परवडत नसेल तर नावंही कमी करायला हवी होती. पाच विभागांना पुरेल इतकं वेगळं काम उरलं नाही हे १९८० मध्ये दिसत होतं, आणि तेव्हा कंपनीच्या खिशात दोन नावं सन्मानाने मिटवण्याइतके पैसेही होते. पण डीलर हजारो, राज्याराज्यांतले कायदे त्यांच्या बाजूचे, आणि प्रत्येक शोरूमला प्रत्येक आकाराची गाडी हवी. नावं तशीच ठेवून कंपनीने गाड्या एक केल्या.

त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे १९८२ सालची कॅडिलॅक सिमरॉन. ‘जे’ नावाच्या एकाच छोट्या ढाच्यावर कंपनीने पाच बिल्ल्यांच्या पाच गाड्या काढल्या: शेवरोले कॅव्हेलियर, पॉन्टियाक जे२०००, ओल्डस्मोबिल फिरेन्झा, ब्यूक स्कायहॉक आणि सिमरॉन. बीएमडब्ल्यूसारख्या आटोपशीर जर्मन गाड्यांकडे वळलेलं तरुण गिऱ्हाईक परत आणावं, म्हणून कॅडिलॅकच्या डीलरांना लहान गाडी हवी होती, आणि घाईने हवी होती. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष पीट एस्टेस यांनी कॅडिलॅकच्या प्रमुखाला बजावलं होतं असं सांगतात, की जे-ढाच्याची कॅडिलॅक करायला तुमच्याकडे वेळच नाही. गाडी आलीच. आत चामड्याच्या सीटा, पुढे वेगळी जाळी, किंमत बारा हजार डॉलरच्या वर, आणि बॉनेट उघडलं की १.८ लिटरचं चार सिलिंडरचं, ८८ अश्वशक्तीचं इंजिन. व्ही-८ च्या मुलायम, निःशब्द ओढीसाठी पैसे मोजणाऱ्या माणसाला कॅव्हेलियरची घरघर मिळाली, तीही कॅव्हेलियरच्या जवळपास दुप्पट किमतीला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, याहून वेगळं वर्णन तिला लागू पडणार नाही. १९८८ मध्ये ती बंद झाली. या एका गाडीने दोन गिऱ्हाइकं एकदम घालवली, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सिमरॉन घेणारा चिडला ते सरळच आहे. पण शेजारच्या कॅव्हेलियरवाल्यालाही कळलं की शिडी चढून वर काहीच मिळत नाही. आयुष्यभर एकेक पायरी चढवत नेणारी ती ओढच तुटली.

पुढची काही वर्षं म्हणजे विनोदी साहित्याला खाद्य. १९८३ मध्ये ‘फॉर्च्यून’ने मुखपृष्ठावर जनरल मोटर्सच्या चार विभागांच्या चार मध्यम आकाराच्या गाड्या ओळीने उभ्या केल्या, बिल्ले झाकले तर कुठली कोणाची हे सांगता येईना. १९८५ मध्ये फोर्डच्या लिंकनने टीव्हीवर जाहिरात केली. एका उंची हॉटेलाबाहेर नोकर गाड्या आणून देतोय आणि मालक गोंधळलेत: ही माझी कॅडिलॅक का? नव्हे, ती ब्यूक आहे. ब्यूक? मला वाटलं ओल्डस्मोबिल. तेवढ्यात लिंकन येते आणि तिचा मालक ती लांबूनच ओळखतो. स्पर्धकाला फक्त तुमच्या गाड्या जशा आहेत तशा दाखवाव्या लागतात आणि लोक हसतात, ही वेळ कुठल्याच कंपनीवर येऊ नये. त्याआधी वर्षभर, १९८४ मध्ये, जनरल मोटर्सचे तेव्हाचे प्रमुख रॉजर स्मिथ यांनी विभाग मोडून दोन मोठे गट केले: एकीकडे शेवरोले-पॉन्टियाक, दुसरीकडे ब्यूक-ओल्ड्स-कॅडिलॅक. ‘आमच्या नावाने ही गाडी जाणार नाही’ म्हणणारी खुर्चीच त्यामुळे उठली. ओल्डस्मोबिल १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला वर्षाला दहा लाखांवर गाड्या विकत होती, १९७६ मध्ये तिची कटलास देशात सर्वाधिक खपली होती. म्हणून मग सगळ्यालाच कटलास म्हणायला सुरुवात झाली: कटलास सुप्रीम, कटलास सिएरा, कटलास कॅले, एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या गाड्या. १९८८ मध्ये ‘ही तुमच्या वडिलांची ओल्डस्मोबिल नव्हे’ अशी जाहिरात आली. वडिलांनी ती गाडी का घेतली होती, हे मात्र तोवर कंपनीतल्या कुणाला आठवत नव्हतं असं दिसतं. १८९७ साली सुरू झालेल्या या नावाची शेवटची गाडी २९ एप्रिल २००४ रोजी लॅन्सिंगच्या कारखान्यातून बाहेर पडली.

यावर नेहमी ऐकू येणारा आक्षेप पैशांचा आहे. निवृत्त कामगारांची पेन्शन आणि दवाखान्याची बिलं यांनी कंपनीला बुडवलं, बिल्ल्यांच्या गप्पा कशाला? २००५ च्या सुमारास दर गाडीमागे दीड हजार डॉलरच्या आसपास आरोग्यखर्च पडतो, असं कंपनी स्वतःच सांगत असे. ओझं खरं होतं. पण खर्चाने नफा का आटला ते कळतं, किंमत का पडली ते कळत नाही. टोयोटा आणि होंडाच्या गाड्या छापील किमतीच्या आसपास विकल्या जात असताना जनरल मोटर्सला हजारो डॉलरची सूट आणि बिनव्याजी कर्ज देऊन गाड्या हलवाव्या लागत. सूट द्यावी लागते तेव्हा गिऱ्हाईक सांगत असतं की तुमच्या नावाची एवढी किंमत मला मान्य नाही. दीड हजारांचं ओझं पेलायला नावाने दोन हजार मिळवून द्यायला हवे होते. एकेकाळी ती नावं ते देत होती.

तिसरा आक्षेप जास्त अवघड, आणि तो आपल्या चाकणमध्ये रोज तयार होतो. फोक्सवॅगन समूहही एकाच ढाच्यावर स्कोडा, सिआट, फोक्सवॅगन, ऑडी काढतो. चाकणच्या कारखान्यात स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या एकाच पायावरच्या, एकाच १.० आणि १.५ लिटर टर्बो इंजिनांच्या गाड्या बनतात. स्लाव्हिया आणि व्हर्टस ही दुसरी जोडी. मग त्यांना सिमरॉनचा शाप का लागत नाही? एक तर या जोड्यांतल्या गाड्या एकमेकींच्या डोक्यावर बसवलेल्या नाहीत, शेजारी उभ्या आहेत. कुशाकपेक्षा टायगुन दुप्पट भारी असा दावा कुणी करत नाही. दुसरं म्हणजे ऑडीला आपला अभियांत्रिकी विभाग आहे, आपलं संशोधन आहे, आणि समूहाच्या फडताळातून काय घ्यायचं, काय नाकारायचं यात तिचा शब्द चालतो. जिथे हा शब्द कमी पडतो तिथे फोक्सवॅगनलाही त्रास होतोच: स्वस्तातली स्कोडा फार चांगली झाली की वरच्या बिल्ल्याची मंडळी कुरकुरतात. ती कुरकुर मला निरोगीपणाचं लक्षण वाटते. टोयोटानेही हा धडा लगेच गिरवला. १९८९ मध्ये आलेली लेक्ससची ईएस २५० ही सजवलेली कॅमरीच होती आणि ते लपत नव्हतं. तिच्याजवळ शून्यातून घडवलेली एलएस ४०० उभी होती म्हणून नाव वाचलं, आणि पुढची ईएस दोनच वर्षांत बरीच निराळी होऊन आली.

या युक्तिवादाला सर्वांत जास्त टोचणारा काटा जनरल मोटर्सच्या घरातच आहे: जीएमसी. जीएमसी सिएरा आणि शेवरोले सिल्व्हराडो हे पिकअप ट्रक म्हणजे जुळी भावंडं. सांगाडा एक, इंजिनं एक, पुढची जाळी आणि आतली सजावट वेगळी. तरीही जीएमसी मजेत आहे; १९९९ च्या सालपासूनच्या तिच्या ‘डेनाली’ या महागड्या आवृत्त्यांवर कंपनी उत्तम नफा कमावते. मी याला पळवाट शोधणार नाही. सारखेपणा प्रत्येक वेळी मारतो असं म्हणता येत नाही हे मान्यच करावं लागतं. पण सिएरा घेणाऱ्याला ती सिल्व्हराडोची जुळी आहे हे आधीच ठाऊक असतं. मूळ ट्रक तोलामोलाचा असतो, किमतीतला फरक थोडा, आणि त्या फरकात काय मिळतं हे डोळ्यांना दिसतं. शिवाय इथे शिडीच हलली आहे. पूर्वी शेवरोलेवरून ब्यूकवर चढायचं. आता एकाच ट्रकच्या साध्या, कामकरी आवृत्तीवरून चामडं, स्क्रीन आणि कॅमेऱ्यांनी मढवलेल्या आवृत्तीवर चढायचं, ज्यांच्या किमतींत पावणेदोन-दुपटीचा फरक असतो. स्लोनच्या पायऱ्या जिवंत आहेत, फक्त त्या बिल्ल्यांमधून निघून एकाच गाडीच्या आत जाऊन बसल्या आहेत. मग मधल्या बिल्ल्यांचं काम काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

सॅटर्नची कथा याच प्रश्नाचं उलट टोक दाखवते. जपानी गाड्यांना उत्तर म्हणून १९८५ मध्ये जाहीर झालेली आणि १९९० मध्ये टेनेसीतल्या स्प्रिंग हिलच्या नव्या कारखान्यातून निघालेली ही कंपनीतली कंपनी. स्वतःचं इंजिन, कामगार संघटनेशी स्वतःचा करार, दाराला धक्का लागला तरी पोचा न पडणारे प्लास्टिकचे पत्रे, आणि घासाघीस नाही, पाटीवरची किंमत तीच शेवटची. गाडी फार थोर होती असं नाही. पण १९९४ मध्ये ‘घरी या’ म्हणून बोलावल्यावर सुमारे ४४ हजार लोक आपापल्या गाड्या घेऊन कारखाना पाहायला स्प्रिंग हिलला आले. एखाद्या साध्या, स्वस्त गाडीच्या कारखान्याला जत्रा भरते हे अमेरिकेत पुन्हा क्वचितच घडलं असेल. त्यानंतर कंपनीने काय करावं? कित्येक वर्षं नवी गाडीच दिली नाही, आणि दिली तेव्हा जर्मनीच्या ओपेल व्हेक्ट्रावरून बेतलेली. हळूहळू स्वतंत्र करार, स्वतंत्र कारखाना, स्वतंत्र भाग सगळं मुख्य प्रवाहात विरघळवलं. साबचंही तेच: विमानाच्या वारशाची टिमकी वाजवणाऱ्या स्वीडिश बिल्ल्याखाली एकदा सुबारूची इम्प्रेझा आणि एकदा शेवरोलेची ट्रेलब्लेझर विकायला काढली. आणि वेग, थरार हेच ज्याचं ब्रीद त्या पॉन्टियाकला अखेरच्या दिवसांत जी३ नावाची गाडी मिळाली, जी आपल्याकडे शेवरोले एव्हिओ म्हणून ओळखीची होती. २००९ मध्ये पॉन्टियाक बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा हळहळ व्यक्त झाली, पण तोवर तिच्यात बंद करण्यासारखं फार काही शिल्लक नव्हतं.

एव्हिओचा उल्लेख निघालाच आहे तर भारतातला अध्यायही पाहायला हवा, कारण तो याच रोगाचा. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये गाड्या जोडायला सुरुवात केली होती आणि १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. त्या पंचवीस-सव्वीस वर्षांत शेवरोले हे नाव इथल्या रस्त्यांवर पक्कं बसलं. १९९० च्या दशकात कंपनी परतली ती मात्र ओपेल हा जर्मन बिल्ला घेऊन. काही वर्षांत ओपेल सोडून २००३ पासून शेवरोले आणली. तिच्याखाली काय आलं? ऑप्ट्रा मूळची कोरियाच्या देवूची, टवेरा जपानच्या इसुझूची, फॉरेस्टर सुबारूची, स्पार्क देवू मॅटिझच्या घराण्यातली, नंतरची सेल चीनमधून. यातल्या काही गाड्या चांगल्या होत्या. टवेराने तर महाराष्ट्रातल्या प्रवासी वाहतुकीत वर्षानुवर्षं घाम गाळला. पण ‘शेवरोले म्हणजे काय’ याचं उत्तर देईल असा एकही धागा या गाड्यांत नव्हता. मारुती म्हणजे काटकसर, टोयोटा म्हणजे न बिघडणं, हे गिऱ्हाईकाला न सांगता ठाऊक होतं. शेवरोले म्हणजे जगभरच्या फडताळांतून हाताला लागलेलं काहीतरी. पुण्याजवळ तळेगावला २००८ मध्ये सुरू झालेला मोठा कारखाना असूनही मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. तळेगावातून निर्यात तेवढी २०२० पर्यंत चालली. आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे.

आज अमेरिकेत उरलेल्या चार नावांकडे याच कसोटीने पाहता येतं. कॅडिलॅकने स्वतःचे मागच्या चाकांवर चालणारे ढाचे करून गेल्या वीस वर्षांत बरीच इभ्रत परत मिळवली आहे, आणि विजेच्या गाड्यांत ती वेगळं काही दाखवू पाहते. ते सोपं नाही, कारण विजेच्या गाडीत बॅटरी आणि मोटर सगळ्यांची एकच असते आणि इंजिनाच्या आवाजावरून ओळख पटण्याचा मार्गच बंद होतो. होंडाची प्रोलॉग तर जनरल मोटर्सच्याच बॅटरीवर, जनरल मोटर्सच्याच कारखान्यात बनते आणि होंडा म्हणून खपते. शेवरोलेकडे कॉर्व्हेट आणि सिल्व्हराडो आहेत. २०२४ मध्ये मॅलिबू बंद करून तिने सेडान गाड्यांचा निरोप घेतला, पण तिचं म्हणणं काय आहे हे कळतं. जीएमसीचं वर आलंच. हमर आता स्वतंत्र नाव नसून जीएमसीची एक विजेवरची गाडी झाली आहे, आणि ती जागा तिला शोभते.

उरली ब्यूक, जिच्यातून सगळी कंपनी जन्मली. २००९ मध्ये पॉन्टियाक मारून ब्यूक राखली ती अमेरिकेसाठी नव्हे, चीनसाठी. तिथे शेवटच्या सम्राटाच्या काळापासून या नावाला मान होता आणि २०१६ च्या आसपास वर्षाला दहा लाखांहून जास्त ब्यूक तिथे विकल्या जात. तो निर्णय तेव्हा बरोबर होता. आता तिथला खप निम्म्याहूनही खाली आला आहे आणि गिऱ्हाईक चिनी नावांकडे वळलं आहे. अमेरिकेत ब्यूकची एकही सेडान उरलेली नाही, फक्त एसयूव्ही आहेत. त्यातली स्वस्त एन्व्हिस्टा दक्षिण कोरियात बनते, शेवरोलेच्या ट्रॅक्सच्या ढाच्यावर, ट्रॅक्सचंच तीन सिलिंडरचं १.२ लिटरचं इंजिन घेऊन. गाडी देखणी आहे, किमतीतला फरक माफक आहे, म्हणून तिची सिमरॉन होणार नाही. पण ‘ही ब्यूक कशासाठी?’ असं विचारलं तर उत्तर असं येतं की जीएमसीच्या शोरूममध्ये महागडे ट्रकच असतात, तिथल्या डीलरला विकायला काहीतरी स्वस्त हवं. हे कारण डीलरचं आहे, गिऱ्हाईकाचं नाही. ओल्डस्मोबिलची शेवटची दहा वर्षं नेमक्या अशाच कारणावर निघाली होती. माझ्या मते ब्यूकला एकतर स्वतःचे अभियंते आणि स्वतःची एक तरी गाडी द्यावी, नाहीतर अमेरिकेत तिला आत्ताच, अंगात धुगधुगी असताना आणि डीलरांची भरपाई परवडत असताना, मिटवावी.